पाहुणे घरात असताना सफाई आणि चादरबदल: सुट्टीसाठी घर भाड्याने देणाऱ्या नवख्यांसाठी

पाहुणे निघून गेल्यावरची सफाई सोपी असते. घर रिकामं, खिडक्या सताड उघड्या, हवं तितकं पाणी सांडा, गाद्या उभ्या करून ठेवा, कुणी काही म्हणत नाही. मुक्कामाच्या मध्यावरची सफाई ही त्याचीच छोटी आवृत्ती असेल असं वाटतं आणि नवखे लोक इथेच फसतात. त्या दिवशी त्या घरात कुणीतरी राहत असतं. खुर्चीवर ओले कपडे, उशीखाली चष्मा, बेसिनच्या कडेला औषधं. घर तुमचं असलं तरी मुक्काम त्यांचा चालू असतो.

आमच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. बाथरूममध्ये बेसिनच्या कडेला चुरगळलेला कागदी रुमाल पडला होता. मदतनिसाने तो उचलून कचऱ्यात टाकला, बेसिन चकचकीत केलं आणि आम्ही खुशीत घरी आलो. रात्री साडेनऊला पाहुण्यांचा फोन. मुलीचा दातांचा रिटेनर त्या रुमालात गुंडाळलेला होता. मग टॉर्चच्या उजेडात बाहेरच्या मोठ्या डब्यातल्या तीन पिशव्या एकेक करून उसकटल्या. तिसरीत सापडला. चूक मदतनिसाची नव्हती. मी फक्त ‘बाथरूम स्वच्छ करा’ एवढंच सांगितलं होतं. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला: डब्यात असेल तो कचरा, डब्याबाहेर असेल ते सामान. मग ते कितीही कचऱ्यासारखं दिसो.

पहिली पायरी: कधी आणि काय, हे बुकिंगच्या आधीच ठरवा

सहा रात्रींपर्यंतच्या मुक्कामात मध्ये जायची गरज नसते. कपाटात टॉवेलचा एक जादा संच आणि कचऱ्याच्या चार-पाच पिशव्या ठेवल्या की काम भागतं. सात ते दहा रात्री असतील तर मध्ये एकदा जावं. त्याहून लांब मुक्कामाला आठवड्यातून एकदा.

‘आठवड्यातून एकदा’ हे शब्दशः धरून आठ रात्रींच्या मुक्कामात सात रात्री झाल्यावर दारात उभे राहू नका. उद्या निघणाऱ्या माणसाला आज स्वच्छ चादर देण्यात काय अर्थ? त्याच्या बॅगा पसरलेल्या असतात आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा करायचं असतं. दिवस मुक्कामाच्या मधोमध धरा: आठ रात्रींना चौथा किंवा पाचवा, दहा रात्रींना पाचवा, चौदा रात्रींना सातवा. पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस सोडून द्यायचे.

काय करणार तेही घराच्या माहितीत स्पष्ट लिहा. माझ्या मते तीन ओळी पुरतात: चादरी, अभ्रे आणि टॉवेल बदलले जातील, बाथरूम, ओटा आणि लादी स्वच्छ केली जाईल, भांडी घासणं, कपडे धुणं आणि सामान आवरणं यात येत नाही. ही तिसरी ओळ लिहायला लोक कचरतात, आणि नेमक्या तिच्यावरूनच कुरबुरी होतात. सफाईचे पैसे भाड्यातच धरले आहेत की वेगळे, हेही तिथेच सांगा. मुक्काम सुरू झाल्यावर सांगितलेला खर्च कुणालाच आवडत नाही.

काही पाहुण्यांना घरात कुणी आलेलं अजिबात नको असतं. त्यांच्यासाठी दारातल्या दारात अदलाबदल ठेवा: तुम्ही धुतलेल्या चादरी-टॉवेलांची पिशवी दाराशी ठेवायची, त्यांनी वापरलेल्यांची बाहेर ठेवायची. पण महिना-दीड महिना राहणाऱ्यांच्या बाबतीत मी थोडा आग्रह धरतो. बेसिनखाली ठिबकणारा नळ किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात धरलेली बुरशी पाहुणा तुम्हाला कळवेलच असं नाही, आणि महिनाभराने ती बघायला मिळणं महागात पडतं. लांब मुक्कामासाठी आठवड्याची किंवा निदान पंधरवड्याची फेरी अटींमध्येच घाला.

दुसरी पायरी: वेळ विचारून घ्या, गृहीत धरू नका

आम्ही तीनदा बोलतो. पाहुणे येतात त्या दिवशी नुसता उल्लेख: ‘बुधवारी चादरी बदलायला येऊ, वेळ नंतर ठरवू.’ दोन दिवस आधी नक्की वेळ. आणि त्या दिवशी सकाळी एक ओळीची आठवण. दोन दिवस आधीचा निरोप साधारण असा असतो:

‘नमस्कार, बुधवारी चादरी-टॉवेल बदलून घर स्वच्छ करायला आम्ही दोघं येऊ. सकाळी १० ते १२ किंवा दुपारी २ ते ४, यांपैकी कोणती वेळ सोयीची? साधारण सव्वा तास लागेल. तुम्ही घरी असलात तरी चालेल. पलंगावरचं आणि बेसिनजवळचं सामान बाजूला ठेवलंत तर बरं, कारण आम्ही तुमच्या वस्तू हलवत नाही. नको असेल तर फक्त “नको” असं कळवा, धुतलेला संच दाराशी ठेवू.’

यात दोनच वेळा दिल्या आहेत. ‘तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा’ असं लिहिलं की उत्तर येत नाही, कारण पाहुण्याला स्वतःचा दिवस आधी डोळ्यांसमोर आणावा लागतो. दोनांतली एक निवडायला काही लागत नाही. ‘नको’ म्हणायला जागा ठेवली की लोक उलट ‘हो’ म्हणतात, हा माझा अनुभव.

त्याच निरोपात किंवा फोनवर तीन गोष्टी विचारून ठेवा: घरात पाळीव प्राणी आहे का, बाळाची झोपायची वेळ कोणती, आणि कुणाला वासाची किंवा एखाद्या साबणाची अॅलर्जी आहे का.

उत्तरच आलं नाही तर? तर आत जायचं नाही. किल्ली खिशात असणं ही परवानगी नव्हे. पाण्याचा पाइप फुटला, धूर दिसला, गॅसचा वास आला, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. चादरी हे काही संकट नाही. संच दाराशी ठेवा, फोटो काढून पाठवा, परत या. भाडेकऱ्याच्या घरात कधी शिरता येतं याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते एकदा नीट वाचून घ्या. आणि पाहुणे बाहेर गेलेत का, हे बघायला घरातल्या कॅमेऱ्याचा विचार मनात आणू नका. सुट्टीची घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबी या साइटने तर ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे सरसकट बंद केले आहेत, ते चालू असोत वा नसोत.

तिसरी पायरी: चादरींचा हिशोब

आता कामाचा गाभा. प्रत्येक पलंगामागे किमान तीन संच हवेत: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. मध्येच बदल करायचा असेल तर चौथा घ्यावा, कारण ऐन वेळी एखाद्या चादरीवर डाग निघतो किंवा लाँड्री एक दिवस उशीर करते.

नवखा माणूस म्हणतो, ‘घरात मशीन आहे, तिथेच धुऊन परत घालू.’ वजनं करून बघा. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा) अंघोळीचा टॉवेल कोरडा ४९० ग्रॅम भरतो. असे चार म्हणजे जवळपास दोन किलो. चार हातपुसणी आणि दोन पायपुसणी धरली की टॉवेलच साडेतीन किलोंवर जातात. दोन डबल पलंगांच्या चादरी, खोळी आणि अभ्रे मिळून आणखी चारेक किलो. टॉवेल आणि चादरी एकत्र धुवू नयेत, कारण टॉवेलचे तंतू चादरींना चिकटतात आणि दोन्ही वाळायला वेगवेगळा वेळ घेतात. म्हणजे दोन घाणे आले. साठ अंशांवर एकेक घाणा दोन तासांच्या आसपास, वर वाळवणं. तुम्ही सव्वा तासाचं सांगून गेलात आणि संध्याकाळपर्यंत पाहुण्याच्या बैठकीत ओल्या चादरी लटकत राहिल्या. म्हणून धुतलेलं न्यायचं, वापरलेलं आणायचं. पाहुण्याच्या घरात धुणं काढायचं नाही.

कपडा कोणता घ्यावा? पांढरा, साधा सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र. पांढरा म्हणजे डाग दिसणार अशी तक्रार असते. दिसलेलाच बरा. शिवाय मुरमांच्या बऱ्याच मलमांमध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं. ते रंगीत टॉवेलवर लागलं की तिथला रंग उडतो आणि टॉवेल कायमचा चट्टेरी होतो. पांढऱ्यावर उडायला रंगच नाही. चेहऱ्याचा मेकअप पुसायला मात्र काळा किंवा गडद निळा छोटा नॅपकिन ठेवावा. तो समोर दिसला की पाहुणे पांढऱ्या टॉवेलला हात लावत नाहीत. टॉवेल ४५० ते ५५० जीएसएमचे पुरेत. सातशेचे जाडजूड टॉवेल पहिल्या दिवशी छान वाटतात, दुसऱ्या दिवशी ओलेच असतात.

संच कसा ठेवायचा यालाही युक्ती आहे. एका पलंगाची चादर, खोळ आणि बाकीचे अभ्रे घडी करून त्यांच्यातल्याच एका अभ्र्यात भरायचे. बाहेरच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचे दोन टाके: लाल म्हणजे मोठा पलंग, निळा म्हणजे छोटा. पाहुण्यासमोर तीन चादरी उलगडून ‘ही नाही, ही पण नाही’ करण्याची पाळी येत नाही.

टॉवेल रोज बदलून द्यायची गरज नाही आणि बहुतेकांना तशी अपेक्षाही नसते. अमेरिकेतल्या एका हॉटेलात गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस या संशोधकांनी केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ अशी नेहमीची पाटी लावली तेव्हा सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. ‘बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर ते ४४ टक्क्यांवर गेले. तेव्हा बाथरूममध्ये उपदेशाचा कागद लावण्याऐवजी टॉवेल पसरून वाळतील असे पुरेसे दांडे लावा आणि बदल कधी होणार ते लिहा. दांडे हवेतच. चार माणसांना दोन हूक दिले की टॉवेल एकावर एक पडतात, कुबट होतात, आणि मग नवे मागितले जातात.

चौथी पायरी: पिशवी घरीच भरा

पाहुण्याच्या घरातली झाडू-बादली वापरावी लागली म्हणजे आधीच चुकलं. सोबत न्यायचं ते असं: प्रत्येक पलंगाचा बांधलेला संच, माणशी टॉवेल, पायपुसणी, ओट्याची फडकी, एक गादीचं आवरण जादा, वापरलेल्या कपड्यांसाठी दोन मोठ्या पिशव्या, कचऱ्याच्या पिशव्या, टॉयलेट पेपर, हात धुण्याचा साबण, भांड्यांचा साबण आणि स्पंज, चार रंगांची फडकी, हातमोजे, दोन फवाऱ्यांच्या बाटल्या, मॉप. फडक्यांना रंग यासाठी, की कमोडवर फिरलेलं फडकं कधीच ओट्यावर जाऊ नये. लाल कमोडला, पिवळं बेसिन-शॉवरला, हिरवं स्वयंपाकघरात, निळं बाकी सगळीकडे. सफाईच्या धंद्यात ही वाटणी बऱ्याच ठिकाणी चालते, त्यामुळे नवा मदतनीस आला तरी फार शिकवावं लागत नाही.

धुतलेलं आणि वापरलेलं एकाच पिशवीत कधीही नको. गाडीतसुद्धा वेगळं.

पाचवी पायरी: दारापासून पलंगापर्यंत

बेल वाजवा, थांबा, पुन्हा वाजवा, मग किल्ली. दार थोडं उघडून मोठ्याने ‘सफाईसाठी आलोय’ म्हणा आणि उत्तरासाठी थांबा. पाहुण्याने ‘आम्ही बाहेर असू’ असं लिहिलं असलं तरी. कुणीतरी डोकं दुखतंय म्हणून मागे थांबलेलं असतं.

जमलं तर दोघांनी जावं. पलंग दोघांकडून निम्म्याहून कमी वेळात होतो, आणि उद्या एखादी वस्तू हरवल्याचा प्रश्न निघाला तर दोघांची साक्ष असते. पाहुण्यांच्या सामानाचे फोटो काढू नका. आधीच फुटलेलं किंवा तुटलेलं काही दिसलं तर तेवढ्याच भागाचा फोटो काढा आणि लगेच कळवा.

क्रम आमचा ठरलेला: खिडक्या उघडायच्या, बाथरूममध्ये औषध फवारून ठेवायचं, मग पलंग, मग पुन्हा बाथरूम, मग ओटा, शेवटी केर आणि लादी. बाथरूममध्ये आधी फवारण्याचं कारण साधं आहे. जंतुनाशकाला पृष्ठभागावर ओलं राहून काम करायला वेळ लागतो. किती, ते बाटलीवर छापलेलं असतं आणि पुष्कळदा ती काही मिनिटं असतात. फवारून लगेच पुसलं तर फक्त वास येतो.

आता पलंग. पलंगावर सामान असेल, म्हणजे लॅपटॉप, उलटं ठेवलेलं पुस्तक, कपड्यांचा ढीग, तर आमचा नियम असा: एक-दोन वस्तू असतील तर त्या तशाच्या तशा उचलून जवळच्या टेबलावर ठेवायच्या आणि काम झाल्यावर त्याच जागी, त्याच बाजूने परत. पुस्तक उलटं असेल तर उलटंच. ढीग असेल तर पलंगाला हात लावायचा नाही. नवा संच पलंगाच्या पायथ्याशी ठेवायचा आणि चिठ्ठी: ‘सामान हलवायला नको म्हणून चादर बदलली नाही, संच ठेवला आहे. जुन्या चादरी दाराशी ठेवल्यात तर उद्या नेऊ.’ यावर आजवर एकही तक्रार आलेली नाही. कपडे घडी करून खुर्चीवर ठेवल्याबद्दल मात्र आली होती, तीही पहिल्याच वर्षी. आमच्या दृष्टीने मदत होती, त्यांच्या दृष्टीने कपड्यांना लागलेला परका हात.

चादर काढायची ती ओढून नव्हे. आधी उशा एकेक उचला आणि खाली बघा: चष्मा, फोन, दागिना, कानातले बोळे. मग रजई पूर्ण पसरून तिच्यावरून तळहात फिरवा. लहान मुलांचं कापडी खेळणं याच घड्यांमध्ये असतं आणि चादरीच्या बोळ्यात गुंडाळलं गेलं की थेट साठ अंशांच्या पाण्यात जातं. हे झाल्यावर चारही कोपरे आत दुमडत चादर स्वतःभोवती गुंडाळायची आणि पिशवीत टाकायची. झटकायची नाही. झटकल्यावर केस, कातडीचा भुगा आणि धूळ खोलीभर उडते आणि मग तीच लादीवरून पुसावी लागते.

चादर निघाली की गादीच्या शिवणी दहा सेकंद बघून घ्या, खास करून उशीकडच्या दोन कोपऱ्यांत. शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके, फिकट तपकिरी सालपटं किंवा जिवंत किडा दिसला, तर तो ढेकूण. मग काम तिथेच थांबवा. त्या खोलीतलं काहीही दुसऱ्या खोलीत नेऊ नका, कपडे पिशवीत घट्ट बांधा, पाहुण्यांना शांतपणे सांगा आणि कीटकनियंत्रणवाल्यांना बोलवा. कुणी आणले यावर पाहुण्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ठरवता येत नाही.

रजईला खोळ घालायला नव्यांची दमछाक होते. सोपी रीत ही: खोळ उलटी करा, दोन्ही हात आत घालून लांबचे दोन कोपरे आतून पकडा. त्याच हातांनी खोळीसकट रजईचे दोन कोपरे धरा आणि उचलून खोळ खाली सोडा. दोनदा हलवलं की ती आपोआप सुलट होऊन रजईवर उतरते. बटणांचं तोंड पायाकडे. बिनइलॅस्टिकची चादर असेल तर पायाकडचा भाग आधी गादीखाली खोचा, मग बाजूची लोंबती कड गादीच्या पायाकडच्या काठापासून हातभर अंतरावर वर उचलून त्रिकोण करून गादीवर टाका, खाली उरलेलं खोचा, त्रिकोण खाली सोडा, तोही खोचा. कोपरा पाकिटासारखा बसतो आणि आठवडाभर निघत नाही.

सहावी पायरी: बाथरूम, ओटा, लादी

बाथरूममध्ये टूथब्रश, वस्तरा, औषधं, कॉन्टॅक्ट लेन्सची डबी, ग्लासातलं पाणी यांना हात लावायचा नाही. हो, ग्लासातलं पाणीसुद्धा नाही, त्यात लेन्स असू शकतात. सामान मांडलेला भाग तसाच सोडून भोवतालचं पुसा. वरून खाली: आरसा, बेसिन, शॉवर, कमोड, मग जमीन. शॉवरच्या जाळीतले केस काढा. अर्ध्या मुक्कामात पाणी तुंबण्याचं हेच पहिलं कारण असतं.

एक गोष्ट मदतनिसाला आधी सांगून ठेवा आणि पुन्हा सांगा: ब्लीच आणि कमोडचं आम्लयुक्त क्लीनर कधीही एकत्र वापरायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनरही नाही. छोट्या बंद बाथरूममध्ये हे गंभीर ठरतं. पाहुण्याने आधीच कमोडमध्ये काही ओतून ठेवलेलं असू शकतं, म्हणून आम्ही मध्यावरच्या सफाईला ब्लीच नेतच नाही.

दुसरं बाथरूम कुणी वापरत नसेल तर तिथले नळ आणि शॉवर दोन-चार मिनिटं सोडून ठेवा. जाळीखालच्या वळणातलं पाणी आटलं की गटाराचा वास वर येतो, आणि पाहुण्याला वाटतं घरच वास मारतंय.

स्वयंपाकघरात फार रमू नका. ओटा मोकळा असेल तेवढा पुसा, सिंक घासा, फडकी आणि स्पंज बदला, कचरा काढून पिशवी लावा. फ्रिज उघडायचा नाही. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग असेल तर तो बाजूलाही करायचा नाही. दोन-तीन पेले असतील तर आम्ही विसळून ठेवतो, हा आमचा मूड. नियम म्हणून भांडी नाहीत.

केर, लादी आतल्या खोलीपासून दाराकडे. पुसता पुसता डोळे उघडे ठेवा: बेसिनखाली ओल, खिडकीच्या चौकटीत बुरशी, धूर ओळखणाऱ्या अलार्मचा दिवा लागतोय का, कुणी त्याच्यावर प्लास्टिक बांधलंय का. हे बघणं तुमचं काम आहे. कपाटं, बॅगा, ड्रॉवर यांच्यात डोकावणं नाही. ठरल्यापेक्षा जास्त माणसं राहताहेत किंवा आत सिगारेट ओढली जातेय असं दिसलं, तर मदतनिसाने पाहुण्याला एक शब्दही बोलू नये. त्याने मालकाला सांगावं, मालकाने संध्याकाळी लेखी विचारावं.

निघताना खिडक्या जशा होत्या तशा, एसी किंवा हीटर जसा होता तसा. दार लावलं की तिथेच उभं राहून निरोप: ‘काम झालं, दार लावलंय, मुलांच्या खोलीतला पलंग तसाच ठेवलाय, संच पायथ्याशी आहे.’ दोन खोल्यांच्या घराला दोघांना तास-सव्वा तास लागतो. दोन तास लागत असतील तर तुम्ही नक्कीच पाहुण्यांचं सामान आवरताय.

पाहुणे घरातच असतील तर

एकेक खोली घ्या आणि ‘आता ही खोली पंधरा मिनिटं’ असं सांगत जा. बाळ झोपलं असेल तर ती खोली सोडा आणि संच ठेवा. व्हॅक्युम नको, झाडू पुरतो. गप्पा त्यांनी सुरू केल्या तर मारा.

कुणी आजारी असेल, विशेषतः उलट्या-जुलाब असतील, तर सफाई पुढे ढकला आणि जादा संच, पिशव्या, साबण दाराशी पोहोचवा. नंतर त्यांच्या वापरलेल्या चादरी-टॉवेल हातमोजे घालून, न झटकता, वेगळे आणि निदान साठ अंशांवर धुवायचे. अशा वेळी हाताला साबण-पाणीच. पोटाच्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही.

सातवी पायरी: घरी आणलेलं धुणं

पिशवी त्याच दिवशी उघडा. ओला टॉवेल बंद पिशवीत दोन दिवस राहिला की तो वास जाता जात नाही. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक अभ्रा उलटा करून आत हात घाला.

डाग आधी, मशीन नंतर. रक्ताला गार पाणी. गरम पाण्याने ते कायमचं बसतं. पांढऱ्या सुतीवर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब टाका, फेस येतो, गार पाण्याने धुवा, पुन्हा टाका. सुट्टीच्या घरातला खरा शत्रू मात्र सनस्क्रीन. अनेक सनस्क्रीनमध्ये एव्होबेन्झोन नावाचं ऊन अडवणारं रसायन असतं आणि पाण्यातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की गंजासारखा नारिंगी डाग उठतो. तो बघून लोक ब्लीच ओततात आणि डाग आणखी गडद होतो. आधी भांड्यांचा साबण चोळून तेलकटपणा काढा, मग गंजाचे डाग काढणारं द्रव्य किंवा सायट्रिक अॅसिडचं पाणी लावा, खळबळून धुवा, आणि क्लोरीनचं ब्लीच कपाटातच राहू द्या. पांढरेपणासाठी ऑक्सिजन ब्लीचची पूड बरी. तिला कोमट-गरम पाणी लागतं, गारात ती नुसती बसून राहते.

चादरी-टॉवेल साठ अंशांवर धुतले की धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. ढेकणांचा संशय असेल तर त्यानंतर ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास. टॉवेलना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपायचं सोडतो. ड्रायरच्या जाळीतला कापसासारखा लगदा प्रत्येक घाण्यानंतर काढा, तो पेट घेतो. डाग न गेलेली चादर ड्रायरमध्ये जाऊ देऊ नका, उष्णतेने डाग पक्का होतो. दोनदा धुऊनही राहिला तर चादर बाद, तिची फडकी करा.

आणि पिशवीत काही सापडलं, म्हणजे कानातलं, मोजा, चार्जर, अभ्र्यात राहिलेलं लहान मुलाचं टोपडं, तर लगेच फोटो काढून पाठवा आणि पाहुणे अजून तिथेच असतील तर त्याच संध्याकाळी नेऊन द्या. बेल वाजवून, हातात. दाराशी ठेवून येऊ नका.